तळं कुणाच्या वहीत?

एकतीस वर्षं मी पालिकेच्या करखात्यात कारकुनी केली. पालिका लहान, तालुक्याच्या गावची. घरपट्टी, पाणीपट्टी, बाजारातली बैठक फी, मागणीचं रजिस्टर, थकबाकीच्या याद्या. माझे कविता लिहिणारे दोस्त मला ‘रबरी शिक्का’ म्हणायचे. त्यांचं चूक नव्हतं. मोर्चा पालिकेवर यायचा तेव्हा मी खिडकीच्या आतल्या बाजूला असायचो, आणि घोषणा देणाऱ्यांत माझा सख्खा भाऊ असायचा. पण शिक्का मारता मारता मला एक गोष्ट समजली, ती घोषणा देणाऱ्यांना कुणी सांगितली नव्हती. गावात कुठली जागा सगळ्यांची आणि कुठली मूठभरांची, हे देवळात ठरत नाही नि चावडीवरही ठरत नाही. ते पालिकेच्या वहीत ठरतं. आणि ती वही आपलं कुणी वाचत नाही.

मागच्या महिन्यात वस्तीतली चार-पाच पोरं घरी आली. एक म्हणाला, “काका, २० मार्चच्या अंकाला महाडवर लेख द्या.” दुसऱ्याच्या हातात पालिकेची नोटीस होती. वस्तीच्या तोंडाशी रस्त्याकडेला जी मोकळी पट्टी आहे, जिथं आपल्या बाया भाजी घेऊन बसतात आणि दोघं म्हातारे चपला शिवतात, ती पट्टी गाड्या लावायला मक्त्यानं दिलीय. मक्तेदार गाडीमागं पैसे घेणार. बसणारांनी उठायचं. त्यात गेल्या वर्षीपासून वस्तीचा सार्वजनिक नळ बंद. कारण थकबाकी. पोरं म्हणाली, “लेख द्या, आणि ह्या नोटिशीचं काय करायचं तेही सांगा.”

त्यांच्या लेखी ही दोन कामं होती. एक इतिहासाचं, एक गल्लीतलं. मला ते एकच काम वाटलं. म्हणून हा लेख एका वसुली कारकुनानं वाचलेल्या महाडचा आहे. ज्यांना ओंजळीचं वर्णन पाहिजे त्यांनी कविता वाचाव्यात, चांगल्या कविता आहेत.

सुरुवात तळ्यापासून नको, ठरावापासून करू. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला आणि तो पास झाला. बोले भंडारी समाजातले. ठराव असा की सार्वजनिक पैशातून बांधलेले आणि राखलेले, किंवा सरकारनं नेमलेल्या वा कायद्यानं निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यातले जे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा असतील, ते अस्पृश्यांना वापरू द्यावेत. शाळा, कचेऱ्या, कोर्टं, दवाखाने हेसुद्धा.

आता ह्या ठरावाची भाषा नीट बघा. त्यात भूतदया नाही, आत्मा एक आहे वगैरे काही नाही. ‘सार्वजनिक पैसा’ आणि ‘कायद्यानं निर्माण झालेली संस्था’ एवढंच आहे. म्हणजे विचारायचा प्रश्न असा : ह्या विहिरीवर पैसा कुणाचा खर्च होतो? ती कुणाच्या खात्यावर आहे? पालिकेच्या असेल तर वाट मोकळी करा. संतांच्या अभंगांनी जे कित्येक शतकं झालं नाही त्याचं दार हिशेबाच्या भाषेनं किलकिलं झालं. (संतांवर माझा राग नाही. पण त्यांच्या हातात ठरावाचं पुस्तक नव्हतं हे खरं.)

सप्टेंबर १९२३ मध्ये सरकारनं आपल्या खात्यांना तशी ताकीद दिली. जानेवारी १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनं ठराव केला की आमचं तळं अस्पृश्यांना खुलं आहे. हे पुष्कळ जणांना ठाऊक नसतं. त्यांना वाटतं बाबासाहेब गेले तेव्हा तळं बंद होतं. कागदावर ते तीन वर्षं उघडंच होतं! पण ठराव वहीत झोपून राहिला. तळ्यावर कुणी गेलं नाही. जाईल त्याचं डोकं फुटेल हे सगळ्यांना माहीत होतं. ठराव करणारांनी बंदोबस्त मागितला नाही की दवंडी पिटली नाही. असे झोपलेले ठराव मी माझ्या नोकरीत शेकड्यांनी पाहिलेत. बोल्यांनाही हे दिसत होतं. १९२६ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी पुन्हा कौन्सिलात ठराव आणला : ज्या पालिका नि लोकल बोर्डं अंमल करत नाहीत त्यांचं सरकारी अनुदान थांबवा. म्हणजे नाडी कुठं धरायची हे त्या माणसाला बरोबर कळलं होतं.

मग १९ आणि २० मार्च १९२७. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद. रामचंद्र मोरे, अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस यांची धावपळ. टिपणीस हे महाड पालिकेचे अध्यक्ष, जातीनं कायस्थ. दुसऱ्या दिवशी अडीच हजारांच्या आसपास माणसं तळ्यावर चालत गेली, पाणी प्याली. मग वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी आवई उठली, आणि जेवणाऱ्या, परतणाऱ्या माणसांवर काठ्या पडल्या. मग तळं ‘शुद्ध’ करायला १०८ घागरी, शेण, गोमूत्र, दही. हे तुम्हाला तोंडपाठ आहे, मी पुन्हा सांगत नाही.

पण एक आकडा सांगतो. परिषदेला जमलेल्या माणसांना पाणी लागणार होतं. तळं शेजारी. त्यावर पालिकेचा खुला ठराव. आणि तरी परिषदेच्या लोकांना सवर्णांकडून पाणी विकत घ्यावं लागलं. ४० रुपयांचं!

मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसलो होतो. काठ्यांपेक्षा मला ते ४० रुपये लागले. कारण आयुष्यभर मी पाणीपट्टीच्या पावत्या फाडल्या. पाण्याला पैसे पडतात हे मला मान्य आहे, पंपाला वीज लागते, नळाला पाईप लागतो. पण महाडात पंप नव्हता. ते ४० रुपये पाण्याचे नव्हते, जातीचे होते. ती पट्टी होती, फक्त तिची पावती पालिकेची नव्हती. सार्वजनिक पाणी खाजगी हातांतून आलं आणि मधल्या वाटेत त्याला भाव लागला. आजच्या पोरांनी हे ध्यानात ठेवावं, कारण पुढं ह्याच वाटेवर यायचंय.

आता ज्या तारखेवर आपण कधी कार्यक्रम घेत नाही तिच्याकडं येतो. ४ ऑगस्ट १९२७. ह्या दिवशी महाड नगरपालिकेनं १९२४ चा आपलाच ठराव फिरवला. तळं खुलं नाही म्हणून. बोल्यांचा ठराव ४ ऑगस्टचा, त्याला बरोब्बर चार वर्षं. मुद्दाम धरलेली तारीख असेल असं मी म्हणत नाही. पण सभा कशी झाली असेल ते माझ्या डोळ्यापुढं येतं. अध्यक्षाची खुर्ची, सूचक, अनुमोदक, हात वर, ठराव मंजूर. रक्ताचा थेंब नाही. मार्चमध्ये काठीनं जे साधलं नाही ते ऑगस्टमध्ये टाकानं साधायचा डाव.

हे हात वर करणारे कुणाचे होते? त्या काळात पालिकेचं मत सगळ्यांना नव्हतं. घरदार, भाडं, कर असल्या मापांत बसेल तो मतदार. म्हणजे ज्याच्या नावावर घर त्याच्या नावावर मत. गावकुसाबाहेरच्या, दुसऱ्याच्या जागेत खोपटं टाकून राहणाऱ्याला कुठलं मत? बरं, तो काहीच देत नव्हता असंही नाही. त्या काळच्या पालिकांचा मोठा पैसा जकातीतून यायचा. बाजारात येणाऱ्या मालावर जकात, आणि ती शेवटी मीठ-मिरची घेणाऱ्याच्याच खिशातून निघणार. ही नगरपालिकांची जकात महाराष्ट्रात १९९९ पर्यंत चालली, मी स्वतः जकात नाक्यावर दोन वर्षं काढलीत. नाक्यावर कुणी जात विचारत नाही. पैसा भरताना सगळे सार्वजनिक. ठराव करताना आणि पाणी पिताना मात्र जात!

ह्याच संदर्भात मुंबईची एक गंमत सांगतो, गंमत म्हणायची तर. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात मालमत्तेवरच्या करांत सर्वसाधारण कर, पाणी कर आणि ‘हलालखोर कर’ असे कर होते. हलालखोर म्हणजे मैला उचलणारा. घरमालक त्याच्या नावानं कर भरायचा. शहराच्या हिशेबात त्याची जात जमेच्या बाजूला चढलेली होती आणि माणूस मात्र चाळीच्या मागच्या जिन्यानं ये-जा करत होता. पुढं त्या कराचं नाव बदललं. मैला उचलणाऱ्याची जात काही नाव बदलल्यानं बदलली नाही. हे मी फार पाहिलंय, पण तो वेगळा लेख.

महाडकडे परत. ठराव फिरवून काम भागायला पाहिजे होतं. मग १२ डिसेंबर १९२७ ला महाडच्या सवर्णांनी बाबासाहेब आणि सहकाऱ्यांवर दिवाणी दावा का लावला? डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह होणार होता हे एक कारण. १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळाला, त्यामुळं सत्याग्रह तहकूब करावा लागला. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, तीसुद्धा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थानं जागा दिली म्हणून. पण दाव्यात त्यांनी काय मागितलं ते बघा. तळं आमच्या मालकीचं आहे, आणि फक्त आम्हीच ते वापरत आलो अशी वहिवाट आहे, असं जाहीर करून द्या. ही कारकुनाला फार बोलकी गोष्ट आहे. माझा तर्क असा की त्यांनाही उमगलं होतं, ठराव फिरवून पालिका फार तर बोलावणं मागं घेऊ शकते. तळं जोवर पालिकेच्या वहीत आहे तोवर ते सार्वजनिकच. म्हणून मग तळंच वहीतून उचलायचं! सार्वजनिक नाहीच, खाजगी आहे म्हणायचं.

दहा वर्षं हा दावा चालला. ८ जून १९३१ ला महाडच्या कोर्टाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूनं. अपील ठाण्याला, ३० जानेवारी १९३३ ला तेही फेटाळलं. मग मुंबई हायकोर्ट, न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया, १७ मार्च १९३७. मार्च २७ च्या त्या दिवसापासून दहा वर्षांना तीन दिवस कमी.

हायकोर्टाच्या निकालातलं तळ्याचं वर्णन वाचलं आणि मला आमच्या पालिकेचा नकाशा आठवला. चार-पाच एकरांचं तळं. चारी बाजूंनी पालिकेचा रस्ता. रस्त्यापलीकडं सवर्णांची घरं, थोडी मुसलमानांची. त्यातल्या काही घरवाल्यांच्या मालकीच्या काठावरच्या पट्ट्या आणि पायऱ्या. अस्पृश्यांची वस्ती जवळपास नाही. बघा, काठ ज्याच्या नावावर तो पाण्यावर दावा सांगतो. दुकानापुढचा रस्ता आपलाच समजून तिथं मोटार लावणारा शेटजी आणि हा काठवाला, एकाच घरातले. आम्ही घरपट्टी भरतो म्हणून रस्ता आमचा, असं मला खिडकीवर ऐकवणारे रोज दोन तरी भेटायचे. १९०१ च्या मुंबई जिल्हा म्युनिसिपल कायद्याचं ५० वं कलम होतं, त्यात पालिकेकडं काय काय निहित होतं त्याची यादी होती. त्या यादीत सार्वजनिक तळी, विहिरी, गटारं आणि सार्वजनिक रस्ते एकाच पंगतीला बसलेले. तळं ह्याच कलमाखाली पालिकेचं ठरलं.

मालकी अशी गेली. राहिली वहिवाट. खालच्या कोर्टानंही मानलं होतं की सवर्ण वापरत आले, अस्पृश्य वापरत आले नाहीत. पण एकानं वापरलं आणि दुसऱ्यानं नाही वापरलं, एवढ्यानं पहिल्याला दुसऱ्याला अडवायचा कायदेशीर हक्क मिळत नाही. हायकोर्टानं बघितलं की ही वहिवाट अनादी काळाची आहे असं शाबीत झालंय का. नाही झालं. अपील फेटाळलं. इथं थोडं कडू बोलतो. कोर्टानं ‘अस्पृश्यता पाप आहे’ म्हणून निकाल दिला नाही. वहिवाट पुरेशी जुनी शाबीत झाली असती तर काय, हा प्रश्न तसाच लोंबकळत राहिला. आपली माणसं जयंतीच्या भाषणात ‘हायकोर्टानं समतेचा विजय केला’ म्हणतात तेव्हा मी मान खाली घालतो. विजय झाला, खरा झाला, पण तो वहीच्या बाजूनं झाला.

आणि हे बाबासाहेबांना आधी कळलेलं होतं असं मला वाटतं. आपण त्यांना घटनाकार म्हणतो, बॅरिस्टर म्हणतो. ते करांचे डॉक्टर होते हे विसरतो. कोलंबियात ज्यांच्याकडं शिकले ते सेलिग्मन म्हणजे कर आकारणीतलं मोठं नाव. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा बाबासाहेबांचा ग्रंथ १९२५ मध्ये लंडनला छापला गेला, त्याला प्रस्तावना सेलिग्मनची. २४ फेब्रुवारी १९२७ ला, म्हणजे महाडच्या आधी महिनाही नाही, ते मुंबई कौन्सिलात अंदाजपत्रकावर बोलले. मुद्दा काय? आयकराला ठरावीक उत्पन्नापर्यंत माफी आहे, पण शेतसारा गरीबातल्या गरिबाच्या तुकड्यावरही बसतो, हा न्याय नाही. कोण किती भरतो आणि कुणाला काय मिळतं, हा हिशेब डोक्यात घेऊन तो माणूस तळ्याच्या पायऱ्या उतरला. पाण्याशिवाय जीव जाणार होता म्हणून नव्हे. सार्वजनिक ह्या शब्दात आपण आहोत की नाही, हे वाजवून घ्यायला.

पुढं २६ जानेवारी १९५० ला घटना लागू झाली. तिचं पंधरावं कलम काढा, दुसरं पोटकलम. विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते आणि सार्वजनिक वावराच्या जागा, ज्या पूर्णपणे किंवा अंशतः राज्याच्या पैशातून राखल्या जातात किंवा लोकांच्या वापराला वाहिलेल्या आहेत, त्या वापरताना जातीवरून कुणाला आडकाठी नाही. मी हे पहिल्यांदा नीट वाचलं ते नोकरीच्या विसाव्या वर्षी, लाज वाटते सांगायला. वाचताना १९२३ चा ठराव कानात वाजला. तेच ते : पैसा कुणाचा, खातं कुणाचं. फक्त एक शब्द नवा, ‘अंशतः’. पालिकेचा एक रुपया लागला तरी ती जागा कलमात आली. काठावरच्या पायऱ्या माझ्या म्हणणाऱ्याला तिथं जागा ठेवली नाही. आणि यादीत तळ्यांसोबत रस्ते आहेत.

पोरांना मी हे सांगितलं तेव्हा एक जण म्हणाला, “पण काका, नोटिशीत जात कुठंय?” बरोबर आहे. नाहीच. मी ज्या दिवशी वस्तीचा नळ तोडायच्या कागदावर आवक-जावकचा शिक्का मारला त्या दिवशीही त्या कागदात जात नव्हती. ‘थकबाकी’ होती. हो, तो शिक्का मीच मारला. रिटायर व्हायला चार महिने होते. सार्वजनिक नळाची पाणीपट्टी कुणाच्या नावावर मागायची याचा घोळ होता. वस्तीला बिल कधी गेलंच नव्हतं, आणि तरी थकबाकी दरसाल पुढं ओढली जात होती. मला दिसत होतं. मी साहेबापुढं तोंड उघडलं नाही. त्याच पानावर बाजारपेठेतल्या दोन इमारतींची घरपट्टी नळाच्या रकमेच्या कितीतरी पट थकलेली होती, त्यांना सूट मिळाली. वस्तीतल्या बाया आता शेजारच्या बोअरवाल्याकडून हंड्याला पैसे मोजून पाणी घेतात. ४० रुपयांची पावती अजून चालूच आहे म्हणायची.

आज कौन्सिलात हात वर करणारांत आपलेही आहेत. चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली, लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव जागा बंधनकारक झाल्या. आमच्या पालिकेत आपले तीन नगरसेवक आहेत. पार्किंगच्या मक्त्याचा ठराव झाला तेव्हा तिघं हजर होते. त्यांना मी गद्दार म्हणणार नाही, एका झटक्यात म्हणायला सोपं आहे. त्यांनी टिपणी वाचली नसेल. विषयपत्रिकेवर अकरावा का बारावा विषय, ‘रस्त्यालगतच्या मोकळ्या जागेचा विनियोग करणेबाबत’. असल्या शब्दांत आपल्या बाया नि चपला शिवणारे म्हातारे कुठं दिसणार?

म्हणून पोरांना म्हटलं, मोर्चा काढा, जरूर काढा, पण आधी तीन कागद आणा. मक्त्याच्या ठरावाची नक्कल. त्या पट्टीवर डांबर आणि पेव्हर ब्लॉक कुठल्या निधीतून पडले त्याचं बिल. माझ्या आठवणीप्रमाणं तो निधी दलित वस्ती सुधारणेचा होता. आठवणीवर भांडता येत नाही, बिल पाहिजे. आणि सार्वजनिक नळाच्या मागणीचं रजिस्टर, सुरुवातीच्या वर्षापासून, ज्यात माझंही अक्षर आहे. माहितीच्या अधिकारात मागायचं. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो.

स्टॅम्प त्यांनी दुसऱ्याच दिवशी आणला. अर्ज मी लिहून दिलाय. तिसऱ्या कागदाच्या ओळीवर माझा हात थोडा थांबला होता, मग लिहिलं. खाली सही करायला भाजीवाल्या दोघी येणार आहेत, सोमवारी, बाजार उठल्यावर.